खंधाड्याचे पाय

त्याचा खेळ मी कधी धड पाहिलाच नाही. ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात, हातवारे करून सांगतात, आणि सांगता सांगता जागेवरून उठतात. मी गावातल्या प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला बसलेली असायचे, पण अर्धा वेळ डोळे मिटलेले आणि उरलेला अर्धा वेळ नजर त्याच्या गुडघ्याखाली. चेंडू कुठे गेला, गोल कुणी केला, हे मला बाजूच्या बायका सांगायच्या. मी फक्त पाय बघायचे. दोन्ही पाय शाबूत आहेत ना, एवढंच.

याचं कारण सांगायचं तर आमच्या घरापासून सुरुवात करायला हवी.

नवापूरकडच्या डोंगरात, रुळांना लागून आमचं गाव. आम्ही ख्रिस्ती, पण रीतीभाती बऱ्याचशा जुन्याच. घरची बोली कोकणी, समुद्राकडची नव्हे, इथल्या डोंगरातली. बा गाडीवान, जंगलातलं लाकूड स्टेशनावर आणून टाकायचा. बाजारात वावरून त्याच्या तोंडी अहिराणी इतकी बसली होती की घरातही निम्मं बोलणं त्याच भाषेत चालायचं, आणि रागावताना तर दुसरी भाषा त्याला सुचतच नसे. मला त्याने मिशनच्या शाळेत घातलं, हे त्याचे उपकार. नाहीतर हे लिहायला मी कुठून आले असते?

आमच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं. ज्याच्या घरी ते द्यायला काही नसेल त्याने मुलीच्या बापाच्या घरी येऊन राहायचं, ठरलेले पावसाळे त्याच्या शेतात राबायचं, आणि मग लग्न. अशा मुलाला खंधाड्या म्हणत. त्यात कमीपणा नव्हता. पण नियम कडक होते. मुलीशी एकटं बोलायचं नाही. ओसरीवर झोपायचं. गावच्या पंचांना विचारल्याशिवाय एकही रात्र बाहेर काढायची नाही. काढली तर त्याने आपणहून घर सोडलं असं धरत, आणि तोवर केलेलं सगळं काम पाण्यात. आणि काम करण्याजोगा राहिला नाही, म्हणजे हात मोडला, पाय मोडला, तरी त्याला त्याच्या घरी पोचवून येत. मुलगी दुसरीकडे देत.

तो माझा खंधाड्या होता.

आला तेव्हा काटकुळा, मान खाली. दोन दिवसांत आईने मत देऊन टाकलं की पोरगा कामाला वाघ आहे आणि जेवायलाही. मी आतून, कुडाच्या फटीतून बघायचे. पहिला पावसाळा संपेपर्यंत मला तो आवडायला लागला होता. हे मी आता सांगते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी विचारणाऱ्याच्या अंगावर धावून गेले असते.

फुटबॉलचा नाद त्याला आमच्याकडे यायच्या आधीपासूनचा. मिशनच्या मैदानावर बांबूचे खांब रोवून, वर दोरी ताणून गोल केलेले असत. शाळेच्या मास्तरांनी पोरांची टीम उभी केली होती आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर सामना व्हायचा. मास्तर स्वतः आमच्या घरी आले आणि बाला म्हणाले, "रविवारी तसंही नांगर धरत नाही. दुपारपुरता द्या मला हा मुलगा." मास्तरांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाने होकार दिला आणि ते गेल्यावर त्याच्याकडे वळून म्हणाला, "पाय सांभाय. नांगर काय चेंडूवर चालस नही."

त्या दिवसापासून माझी नजर त्याच्या पायांवर.

पहिला सामना पाहिला तो स्टेशनावरच्या बाबूंच्या टीमशी. आमची पोरं अनवाणी आणि ते बूट घातलेले. बुटांच्या तळाला चामड्याच्या गुंड्या ठोकलेल्या. चिखलात त्या गुंड्यांचे ठसे उठलेले मला दिसले. तसा एक ठसा नडगीवर उठला की माझं लग्न मोडलं. इतकं सरळ होतं ते. बाकीच्यांना खेळ दिसत होता, मला तेवढंच दिसत होतं.

आणि तो खेळायचा तरी कसा! दुसरा कुणी असता तर चेंडू मिळाला की पळाला असता. हा थांबायचा. चेंडूवर पाय ठेवून उभा राहायचा, जणू कुणाची वाट बघतोय. समोरचा बूटवाला धावत अंगावर आला की अगदी शेवटच्या क्षणी पाय बाजूला, चेंडू बाजूला, आणि बूटवाला आपल्याच वेगाने पुढे जाऊन चिखलात. लोक हसून लोळायचे. स्टेशनावरचे हमाल, बाजारकरी, मिरचीचे व्यापारी, सगळे ओरडायचे, "दखा, दखा, आते थांबी तो! आते थांबी!" त्याचं ते थांबणंच लोकांना हवं असायचं. मला त्या थांबण्याने घाम फुटायचा. अरे बाबा, पळ ना. सगळे पळतात तसा पळ. कशाला त्या बुटांची वाट बघत उभा राहतोस? मी पदर दातात धरून बसायचे आणि माझ्या शेजारी बसलेली आई पुटपुटत प्रार्थना करायची. आई जावयासाठी करत होती की मुलीसाठी, कोण जाणे.

संध्याकाळी घरी आला की बा त्याला अंगणात उभा करायचा.

"पाय दखाड."

तो आधी एक पाय पुढे करायचा, मग दुसरा. बा खाली बसून, बाजारात बैल घेताना चाचपतात तसे त्याचे घोटे, नडगी, गुडघा चाचपून बघायचा. वाकवून बघायचा. कधी खरचटलेलं दिसलं की मान हलवायचा आणि म्हणायचा, "व्हई. अजून चाली." मी चुलीपुढे बसून ऐकत असे. "चाली" हा शब्द कानावर पडेपर्यंत तव्याकडे लक्षच नसायचं. भाकरी करपायच्या. आई करपलेली भाकरी गुपचूप माझ्याच ताटात टाकायची.

दुसऱ्या पावसाळ्यात त्याची कीर्ती पसरली. डोंगरातली गावं बाजाराचा वार सोडून रविवारी मिशनच्या मैदानावर जमायला लागली. खालून नंदुरबारहून लोक रेल्वेने यायचे, डबे बांधून. म्हातारे आपल्या नातवंडांना खांद्यावर बसवून त्याचे पाय दाखवायचे. एका न्हाव्याने म्हणे त्याची हजामत फुकट करायचा नेम केला होता. पोरी त्याच्यावर गाणी रचायच्या आणि मला चिडवायला माझ्यासमोर म्हणायच्या. त्यांच्यावर मी अशी खवळायचे की पुढे त्या मला बघून वाटच बदलायच्या.

आणि मग माझ्या भीतीला दुसरं तोंड फुटलं. तोवर मी पाय मोडेल म्हणून घाबरत होते. आता कानावर यायला लागलं की सुरतेकडच्या एका गिरणीची टीम आहे, ती खेळणारी पोरं नोकरीला ठेवते. बूट देते, राहायला खोली देते. गिरणीचा एक माणूस मिशनच्या मैदानावर येऊन सामना बघून गेला होता. त्याच्या डोक्यावर टोपी होती आणि तो सबंध वेळ फक्त आमच्या खंधाड्याकडे बघत राहिला. मला तो माणूस तेव्हाच खटकला.

म्हणजे बघा माझी गत. वाईट खेळला तर पाय जाईल आणि तो जाईल. चांगला खेळला तर गिरणी नेईल आणि तो जाईल. मी देवापाशी मागायचं तरी काय? मी मागायचे, तो मध्यम खेळू दे. असं कुणी मागतं का? पण मी मागायचे. आणि देवाने माझं ते मागणं एकदाही ऐकलं नाही. दर रविवारी तो आधीपेक्षा चांगला खेळायचा.

बोलायची सोय नव्हती. एकदाच, विहिरीवर, आई मागे राहिली होती तेवढ्यात मी घाईघाईने विचारलं, "सुरतले जाशी का?" त्याने माझ्याकडे बघितलं, हातातला दोर सोडून दिला, आणि तोंड उघडलं तेवढ्यात आईची घागर वाजली. उत्तर राहिलं. ते मिळायला फार वर्षं जायची होती.

नंदुरबारला सामना ठरला तो त्याच गिरणीच्या टीमशी. मास्तर पुन्हा आमच्या ओसरीवर. या वेळी बा लवकर वळेना. नंदुरबार म्हणजे रेल्वेचा प्रवास. मास्तरांनी शब्द दिला, "सकाळच्या गाडीने नेतो, संध्याकाळच्या गाडीने परत. दिवे लागायच्या आत तुमच्या दारात." बाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होते आणि तांदळात खडे गेले की खड्यांत तांदूळ, कळत नव्हतं. बा म्हणाला, "बरं."

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी बा स्टेशनावर लाकूड उतरवायला बैलगाडी घेऊन गेला आणि मी हट्टाने सोबत गेले. लाकूड उतरलं. मी बैलांपाशी उभी. सिग्नल पडला तेव्हा मला उगाचच वाटलं की तो लंगडत उतरेल. मी मनाची तयारीही केली. लंगडत उतरला तरी चालेल, बाच्या हातापाया पडू, पावसाळे वाढवून घेऊ.

गाडी आली. मिशनची पोरं उतरली, ओरडत, नाचत, गळे बसलेले. जिंकले होते. मी एकेक तोंड बघत गेले. गाडी हलली, गेली. तो त्यांच्यात नव्हता.

सगळ्यांच्या शेवटी मास्तर आले. त्यांचा चेहरा उतरलेला. बाच्या समोर उभे राहिले आणि सांगायला लागले. शेवटचा गोल त्याने केला. शिट्टी वाजताच नंदुरबारचा सगळा गाव मैदानात उतरला. लोकांनी त्याला खांद्यावर उचललं. ताशे लावले. मिरवत बाजारात नेलं. मास्तर मागे धावले, ओरडले, की याला गाडी गाठायची आहे, याच्या घरचा नियम आहे. ताशांत कुणाला ऐकू जातंय! जो ऐकेल तो म्हणे, अहो मास्तर, आजची रात्र आमच्याकडे, उद्या पहिल्या गाडीने पाठवतो, राजासारखा पाठवतो. त्यांना त्याचा मान करायचा होता. एक रात्र गावात ठेवून घेणं यापरता मोठा मान त्यांना ठाऊकच नव्हता, आणि आमच्याकडे त्या एका रात्रीची किंमत काय होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकीच्या पोरांना घेऊन मास्तरांना गाडी धरावी लागली.

"आणि गिरणीचा तो माणूस?" मी विचारलं. बाच्या समोर, मोठ्याने. मास्तर चमकले.

"तोही होता मिरवणुकीत," ते म्हणाले.

बाने बैलगाडी घराकडे वळवली. बैल सोडताना फक्त म्हणाला, "आते बठ्ठं संपनं." सगळं संपलं, हे ऐकून मी अंथरुणावर पडले. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी कान देऊन होते आणि काही ऐकू आलं नाही.

ऊन अंगणात आलं तेव्हा तो आला. रुळांवरून चालत. सबंध वाट जंगलाची, बिबट्याची, फळ्या नसलेल्या पुलांची. आमच्या कुंपणापाशी पोचला तेव्हा त्याच्या पायांचं रक्त वाळून काळं झालं होतं. ज्या पायांना इतक्या बुटांनी काही केलं नाही ते खडीने फोडले होते. गळ्यात झेंडूची माळ तशीच, काढायचं भान नव्हतं.

बाने पंच आधीच बोलावून ठेवले होते. मी उठून दाराकडे गेले तर आईने दंड धरला. "मझार बठ." मी आत बसले आणि फटीला डोळा लावला.

या वेळी बाने पाय दाखव म्हटलं नाही. म्हणाला, "रात बाहेर काढी. तुनी घर सोडं."

बा पुढे म्हणाला,

"आते दोन वाटा शेतस. तुन्हा घर जा. नही ते पहिलापाईन सुरुवात कर, जसा आजच ऊना. आनि परत चेंडूले पाय लावाना नही."

पंचांपैकी एक म्हातारा म्हणाला, पोरगा रात्रभर चालत आलाय, एवढं कडक नको. बा म्हणाला, पोरगी मन्ही शे. विषय संपला.

माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. बाळंतपणात नाही, तापाच्या साथीत नाही. कारण मला ठाऊक होतं, त्याच्यापुढे दोन नाही, तीन वाटा होत्या. तिसरी सुरतेला जात होती, आणि गाडी दुपारीच होती. मी फटीतून बघत होते. तो उभा होता, मैदानात उभा राहायचा तसाच, न हलता. मला वाटलं, आता हा बाजूला होईल आणि आम्ही सगळे चिखलात.

"पहिलापाईन," तो म्हणाला. आणि गोठ्याकडे गेला.

आमचं लग्न व्हायला मग ठरलेले सगळे पावसाळे पुन्हा काढावे लागले. तेही सरले. चर्चमध्ये लग्न झालं, मास्तरांनी बायबल वाचलं, बा रडला. तो इतका रडला की लोक मला सोडून त्यालाच समजावत बसले.

चेंडूला त्याने परत पाय लावला नाही. रविवारी मैदानावरून आरडाओरडा यायला लागला की तो कुऱ्हाड घेऊन जंगलात जायचा. माझ्या भीतीला सुट्टी मिळायला हवी होती की नाही? मिळाली नाही. तिने तिसरं रूप घेतलं. मला वाटायचं, एक दिवस हा कुऱ्हाड खाली ठेवेल आणि म्हणेल, तुझ्यापायी माझं सगळं गेलं. भांडणात माझी जीभ तिखट, गावात प्रसिद्ध, पण एका मर्यादेपुढे मी कधी भांडले नाही. ते वाक्य त्याच्या तोंडून निघेल अशी वेळच येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. मुलं झाली, मोठी झाली, मी टपूनच होते.

मग एकदा आम्ही नंदुरबारला गेलो, मुलीच्या लग्नाचे कपडे शिवायला. शिंपी माप घेता घेता बोलायला लागला. फुटबॉलचा शौकीन. आणि बोलता बोलता आला माझ्या नवऱ्यावरच. माप त्याच्याच बाहीचं घेत होता, आणि गोष्ट त्याचीच त्याला सांगत होता, न ओळखता.

"तो थांबे ना भाऊ, जीव थांबे आमना! मंग तो सुरतले गया. तठून कलकत्ताले. गोरा लोकेसना बरोबर खेयना. त्यानासारखा परत कोनी व्हयना नही."

मी म्हणाले, चला, गाडीला उशीर होतोय. तो हलला नाही. हात पुढे धरून शिंप्याचं सगळं ऐकून घेतलं. कलकत्त्याचे सामनेही ऐकले. शिंप्याने विचारलं, तुम्ही पाहिलं होतं का हो त्याला? तो म्हणाला, "लांबून."

स्टेशनावर आलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो, मध्ये कापडाचं गाठोडं. आणि इतकी वर्षं न विचारलेलं माझ्या तोंडून गेलं. वाईट वाटतं का तुला? त्या लोकांनी उचललं नसतं, तुझी गाडी चुकली नसती, तर?

त्याने रुळांकडे पाहिलं.

"गाडीनी शिट्टी आयकी व्हती मी," तो म्हणाला.

मला कळेना. "मंग?"

"मंग काय. लोकेसना खांदावरतून उतरता येतं व्हतं. खाले उतरनू नही."

"काबरं?"

"बरं वाटी ऱ्हायंतं."

बस, एवढंच. मग थोड्या वेळाने, अपराध्यासारखा नाही, साधं सांगावं तसं म्हणाला, "अंधार पडना, त्यासनी खाले उतारं. मंग तुन्ही याद उनी."

मी गाठोड्यावर हात ठेवून बसले. राग येईल अशी वाट पाहिली, आला नाही. ज्या गोष्टीला मी सगळा जन्म भीत आले होते ती त्या संध्याकाळीच होऊन गेली होती. तो गेला होता. मला, माझ्या बापाला, पावसाळ्यांना, सगळ्यांना विसरून ताशांच्या मागे गेला होता, आणि मग पायांचं रक्त करत परत आला होता. मी इतकी वर्षं पहारा देत बसले होते तो कशावर?

गाडीला अजून अवकाश होता. मी त्याला विचारलं, वरून नंदुरबार कसं दिसत होतं रे? आणि गाडी येईपर्यंत तो मला सांगत बसला.